दातांतला शिंपला

त्या हिवाळ्यात रिताज शांत झाली आणि गल्लीतल्या सगळ्यांना हायसं वाटलं. शेजारची वसीला तर मुद्दाम दारात येऊन उभी राहिली.

"नझीहा, पोरगी विकलीस की काय? किती दिवस झाले, तुमच्याकडून आवाज म्हणून नाही."

"आहे की घरात. कोपऱ्यात बसलीय."

"बसलीय? रिताज?" वसीलानं कपाळाला हात लावला. "झालं, आता मला मरायला हरकत नाही. सगळं बघून झालं."

नझीहा हसली. तिनं हात पुसले, आत वळून पाहिलं. नऊ वर्षांची रिताज भिंतीला पाठ लावून बसली होती. गुडघे जवळ घेतलेले, नजर जमिनीवर आणि जबडा घट्ट मिटलेला. गालाच्या हाडाखाली एक लहानशी गाठ वर आली होती, आणि ती हलत होती. वसीलाला ती दिसली नाही. नझीहाला दिसली, पण तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती गाठ तिच्या स्वतःच्या गालाखालीही होती. लहानपणापासून.

नझीहाचा जन्म गाबेसच्या आखाताकाठचा. इथे ओहोटी लागली की समुद्र मागे हटतो तो नजरेआड होईपर्यंत, आणि मागे उरतो राखाडी चिखल. त्या चिखलात तिसऱ्या असतात, म्हणजे खायचे बारके शिंपले. त्या वेचायचं काम बायकांचं. एका हातात विळा, दुसऱ्या हातात बादली, कमरेत वाकायचं आणि वाळूवर दोन बारीक भोकं शोधायची. भोकं दिसली की विळ्याचं टोक खाली घालून शिंपला उचलायचा. नझीहाची आई हेच करायची, आजीही हेच करायची.

बायकांचा असा पक्का समज की तिसऱ्यांना ऐकू येतं. वर बोलणं झालं, कुणी रडलं, की त्या खोल जातात आणि मग दिवस फुकट. मोठ्या बायका गप्प राहतात, पण पोरांचं काय करायचं? त्यावर उपाय जुना होता. पोराच्या दातांत एक रिकामा शिंपला द्यायचा. तो पडता कामा नये, फुटताही कामा नये. पोर गप्प राहतं आणि हळूहळू सवय होते.

नझीहाच्या दातांत आईनं शिंपला दिला तेव्हा ती रिताजपेक्षा लहान होती. गार वाऱ्यात पाय बधिर व्हायचे, विळा बोटाला लागायचा, पण तिच्या तोंडून हूं निघालं नाही. "या पोरीचे दात घट्ट आहेत," बायका म्हणायच्या, आणि त्या गावात मुलीचं याहून मोठं कौतुक नव्हतं. लग्नात माहेर सोडताना ती रडली नाही. रिताजच्या वेळी दोन दिवस कळा दिल्या, सुईण म्हणाली, "अगं ओरड बाई, मोकळी हो," तरी ओरडली नाही. आईच्या दफनाच्या दिवशीही तिनं फक्त दात आवळले. लोक म्हणाले, नझीहाचे दात घट्ट आहेत.

आणि अशा बाईच्या पोटी रिताज आली.

रिताज चालायला लागली ती पळायलाच लागली. पाणी आणायला पाठवावं तर घडा वाटेत ठेवून मांजरामागे जायची. वर्गात मास्तर फळ्याकडे वळले की ही खिडकीत. पण खरी भीती होती ती तिच्या रागाची. तो कशावरूनही यायचा. पेन्सिल मोडली, पायमोजा टोचला, कुसकुसवर न विचारता रस्सा ओतला, की पोरगी जमिनीवर पडून अशी किंचाळायची की शेजारच्या कोंबड्या उडायच्या. नझीहा आधी दटावायची, मग ओरडायची, मग दोघी ओरडायच्या, आणि शेवटी एक धपाटा. रिताजचा बाप लामिन लांब खाणीवर ट्रक चालवायचा. महिन्याकाठी घरी आला की एक दिवस लाड करायचा आणि दुसऱ्या दिवशी कानावर उशी घेऊन झोपायचा.

शाळेच्या सांगण्यावरून नझीहा तिला स्फाक्स शहरात मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली होती. त्यांनी बराच वेळ रिताजशी खेळून, बोलून पाहिलं आणि सांगितलं, की हा लक्ष न टिकण्याचा आजार आहे. हट्ट नाही, बाहेरची बाधा नाही. "हिच्या डोक्याला ब्रेक उशिरा लागतो, मादाम. रागाला तर फारच उशिरा." गोळी लिहून दिली आणि दर थोड्या दिवसांनी या म्हणाल्या.

घरी आल्यावर नझीहानं हे सासूला सांगितलं. सासूचं नाव दलंदा. सगळं गाव त्यांना आदरानं लल्ला दलंदा म्हणायचं. गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती.

"ब्रेक म्हणे! पोर आहे का मोटार?" दलंदा म्हणाल्या. "तुझ्या तोंडात तुझ्या आईनं काय दिलं होतं? औषध?"

"लल्ला, ते चिखलात. कामावर."

"मग घरात दात वेगळे असतात का?"

पुढच्या वेळी रिताज किंचाळायला लागली तेव्हा नझीहानं कोनाड्यातला एक शिंपला उचलला, तिचा जबडा धरला आणि तो दातांत ठेवला. "पडला तर बघ." पोरीचे डोळे मोठे झाले. अंग थरथरत होतं, नाकातून फुसफुस श्वास येत होता, पण आवाज बंद झाला. दलंदा पडल्यापडल्या म्हणाल्या, "झालं की नाही?"

झालं. काही आठवड्यांत तर द्यावाही लागेना. राग यायला लागला की रिताज स्वतःच उठायची, कोनाड्याशी जायची, शिंपला दातांत धरून कोपऱ्यात बसायची. मास्तरांनी निरोप पाठवला, मुलगी सुधारली. वसीलानं गल्लीभर सांगितलं. नझीहाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण आई म्हणून काहीतरी बरोबर केलं.

मग काही गोष्टी दिसायला लागल्या. उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके. समोरच्या दाताचा एक कोपरा उडालेला. गादीखाली शिंपल्यांचा ढीग, एकूणएक कडेनं चावून खडबडीत झालेले. आणि एके दिवशी अंघोळ घालताना नझीहाच्या हाताला रिताजच्या दंडावर काहीतरी चिकट लागलं. भाजल्याची जखम होती, पिकत आलेली.

"हे कधी झालं?"

रिताजनं दंड मागे ओढून घेतला.

"अगं, विचारतेय मी!"

"भाकरीच्या भट्टीला लागलं. परवा." पोरीनं लगेच जबडा मिटला.

"मग सांगितलं का नाहीस? रडली का नाहीस?"

रिताजनं आईकडे असं पाहिलं, जणू हा काय प्रश्न झाला.

रात्री जेवताना नझीहानं ते सासूला सांगितलं तेव्हा दलंदांचा चेहरा उजळला. "माझ्या मन्नूबियावर गेलीय." मन्नूबिया ही त्यांची धाकटी बहीण. लहान असतानाच तिला चिखलात भरतीनं गाठलं होतं. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. "धुकं होतं. आम्ही हाका मारमारून थकलो. तिनं हूंसुद्धा केलं नाही. दुसऱ्या दिवशी सापडली ती आम्ही शोधलं त्याच चराच्या काठाला. अगदी जवळून गेलो होतो आम्ही. समुद्रानं एका घासात नेलं असणार, नाहीतर ओ दिली असती." मग नेहमीसारखं शेवटी म्हणाल्या, "फार गुणी पोर. तिचे दात घट्ट होते."

रिताज भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होती. एवढा वेळ एका जागी, एका गोष्टीकडे लक्ष देऊन बसलेली नझीहानं तिला क्वचितच पाहिली होती. तिला उगीचच गार वाटलं. उठून तिनं दार लावून घेतलं.

पुढच्या खेपेला स्फाक्सला रिताज खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसली. नझीहानं अभिमानानं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या. मग त्यांनी रिताजचा ओठ हळूच वर करून दात पाहिला आणि मागे टेकून बसल्या.

"राग गेला का तिचा?"

"आवाज गेला, मादाम. आता बिलकुल ओरडत नाही."

"मी रागाचं विचारलं."

नझीहानं डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"हे बघा. एवढ्या वयाच्या मुलांना स्वतःला शांत करता येत नाही. हिच्यासारख्यांना तर आणखी कितीतरी वर्षं येणार नाही. ती आधी आपल्या माणसाजवळ बसून ते शिकतात. तुम्ही तिच्याबरोबर ओरडलात, तर ती ओरडायला शिकली. तुम्ही तोंड बंद केलंत, तर तोंड बंद करायला शिकली. शांत व्हायला शिकलेलीच नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तिच्याजवळ बसा. तुम्हाला काय वाटतंय ते साध्या आवाजात बोलून दाखवा. राग आला तर राग आला म्हणा. भीती वाटली तर भीती वाटली म्हणा. म्हणजे तिला शब्द मिळतील."

"लेकराला सांगू, मला भीती वाटते म्हणून?"

"हो. आणि एक विचारू? उद्या हिला खरंच काही झालं, अडकली, पडली, तर ही तुम्हाला हाक मारेल?"

नझीहानं मुलीकडे पाहिलं. गालाखालची गाठ हलत होती. उत्तर 'हो' असायला हवं होतं. ते तोंडातून निघेना.

घरी दलंदा पोट धरून हसल्या. "भीती वाटते म्हण! उद्या म्हणेल पाळण्यात बसून अंगठा चोख." नझीहाही हसली. शिंपले कोनाड्यातच राहिले. गप्प घराची चटक लागली होती, ती सुटत नव्हती. पण डॉक्टरीणबाईंचा प्रश्न तिच्यामागून घरात आला होता. पीठ मळताना, कपडे पिळताना तो तिच्या शेजारी येऊन उभा राहायचा.

वसंतात शाळेला सुट्टी लागली. दलंदांचे गुडघे इतके सुजले की त्यांना उठवेना, मग पोरीला सांभाळणार कोण? आजवर नझीहानं रिताजला चिखलात कधी नेलं नव्हतं. असल्या पळत्या पोरीला तिथे नेणं म्हणजे आपल्या हातानं समुद्राला देणं. पण आता ती शांत झाली होती.

"ने की," वसीला म्हणाली. "आता तर माझ्या पोरांपेक्षा गुणी आहे. माझे दोघं ने, ही मला दे."

सकाळी ओहोटीला बायका निघाल्या. नझीहानं रिताजला बजावलं, "माझी बादली दिसेल तिथेच राहायचं. बादलीचा तळ वाजला की धावत यायचं. भरती समोरून येत नाही, पाठीमागून येते. आधी मागचे चर भरतात. समजलं?" रिताजनं मान हलवली. तिच्या दातांत शिंपला होता.

सुरुवातीला तिनं चांगलं काम केलं. बारीक नजर होती पोरीची, आईच्या आधी भोकं दिसायची. नझीहा वाकून पुढे सरकत होती, दर थोड्या वेळानं मान वर करून बघत होती. मग चिखल चांगला लागला, तिसऱ्या लागोपाठ निघायला लागल्या आणि तिनं मान वर केली नाही.

वर केली तेव्हा धुकं आलं होतं. समुद्राकडून नाही, जमिनीकडून, खाली लोळत. बायकांचे आकार पुसट झाले होते. जिथे रिताज होती तिथे तिच्या बुटांचे ठसे होते आणि त्यांच्या शेजारून रोहित पक्ष्यांच्या पायांची रांग पुढे गेली होती. ठसे त्या रांगेबरोबर गेले होते.

कुणीतरी विळ्याच्या मुठीनं बादलीचा तळ वाजवला. परतायची खूण. एकेक करत सगळ्या बादल्या वाजल्या. बायका जमल्या. रिताज नव्हती.

"रिताज!" नझीहा ओरडली. धुक्यानं आवाज गिळला. "रिताज! कुठे मेलीस? इकडे ये म्हणते ना! हाताला लाग फक्त, मग बघते तुझ्याकडे!"

मागे कुठेतरी पाणी वाहायला लागल्याचा आवाज आला. खळखळ नव्हती. कुणी चादर ओढत न्यावी तसा.

"चर भरतोय," म्हाताऱ्या बायका म्हणाल्या. "चला. नझीहा, किनाऱ्यावरून माणसं आणू."

"तुम्ही जा."

वसीला थांबली. बाकीच्यांची बादल्यांची टकटक दूर जात विरली. दोघी ठशांमागून निघाल्या. थोड्याच वेळात पाणी पसरलं आणि ठसे संपले. नझीहा ओरडत होती. शिव्या देत होती, शपथा घालत होती, घरी गेल्यावर काय काय करीन ते सांगत होती. आवाज फाटला होता.

वसीलानं तिचा दंड धरला. "ती इथे जवळपास नाही, बाई. असती तर ओ दिली असती."

नझीहा जागच्या जागी थांबली.

पाणी घोट्याच्या वर आलं होतं. स्फाक्सच्या खोलीत न दिलेलं उत्तर तिच्यासमोर उभं होतं. ओ दिली नसती. पोरगी हाताच्या अंतरावर असती, तरी या आवाजाला ओ दिली नसती. हा आवाज आला की काय करायचं, ते तिला आपणच शिकवलंय.

"नझीहा, चल गं. माझी लेकरं आहेत."

"थांब." नझीहानं तोंड मिटलं, आणि मिटताच जबडा आवळला गेला, आपोआप, तीस वर्षांच्या सवयीनं. तो उघडायला तिला जोर लावावा लागला. शब्द आधी आलेच नाहीत. आला तो हुंदका. वसीला दचकली. नझीहाला रडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं, कुणीच पाहिलं नव्हतं.

"रिताज," नझीहा म्हणाली. ओरडली नाही. चुलीजवळ बसून बोलावं तसं बोलली. "मी रागावले नाहीये. मला भीती वाटतेय. खूप भीती वाटतेय गं. पाणी आलंय, आणि तू मला दिसत नाहीस. मला भीती वाटतेय."

धुकं. चादर ओढल्याचा तो आवाज.

"मला भीती वाटतेय, रिताज."

डावीकडे पाण्यात काहीतरी टपकन पडलं. अगदी हलकं. शिंपल्याएवढं.

"मलापण," एक बारीक आवाज म्हणाला.

ती इतक्या जवळ होती की वसीलाच्या तोंडून किंकाळी निघाली. चराच्या उतारावर मांड्यांपर्यंत चिखलात रुतून उभी होती, पाणी छातीशी आलेलं, हनुवटीवर रक्ताचा ओघळ. त्या दोघी याआधी तिच्याजवळून एकदा गेल्या होत्या. तिनं त्यांना जाताना ऐकलं होतं.

वसीला चिखलावर सपाट आडवी झाली, पोरीच्या काखेत हात घालून तिनं तोंड पाण्यावर धरलं. नझीहानं पाण्याखाली बुडी मारून विळ्यानं एक बूट कापला, मग दुसरा. विळा रिताजच्या पोटरीला लागला. "लागलं!" रिताज ओरडली. "दुखतंय, उम्मी!"

"ओरड," नझीहा म्हणाली. "ओरड, माझी बाय."

किनाऱ्यावर पोचेपर्यंत पाणी गळ्याशी आलं होतं. पोर खांद्यावर होती आणि सबंध वाट रडत होती. धुक्यात शोधायला निघालेली माणसं त्या रडण्याच्या रोखानं आली.

घरी दलंदांनी काही विचारलं नाही. नातीला जवळ घेतलं, पाय चोळले, जवाचं गरम सूप पुढे केलं. रिताज दोन चमचे प्यायली. तिसरा हातातून निसटला, सूप फरशीवर सांडलं, आणि तेवढंच पुरलं. पोरगी जमिनीवर पडली आणि किंचाळायला लागली. एवढ्या महिन्यांचं सगळं एकदम.

दलंदांचा हात सवयीनं कोनाड्याकडे गेला. त्यांनी शिंपला उचलून सुनेपुढे धरला.

"नको, लल्ला."

"अगं, लोक—"

"नको."

नझीहा मुलीशेजारी फरशीवर बसली. तिला उठवलं नाही, धरलं नाही. त्या आवाजानं कानशिलं ठणकत होती. ओरडावंसं वाटत होतं, दात आवळावेसे वाटत होते, हात उचलावासा वाटत होता. तिनं जीभ दातांमध्ये ठेवली, म्हणजे ते मिटणार नाहीत. "तुला राग आलाय," ती म्हणाली. "मला हा आवाज सहन होत नाही. पण मी उठून जात नाही. इथेच आहे." तिला स्वतःचंच बोलणं परक्या बाईचं वाटलं. रिताजनं लाथ मारली. ती थोडी सरकली आणि परत बसली.

भिंतीपलीकडून वसीलाचा घोगरा आवाज आला. "नझीहा! सुरू झालं का गं?"

"हो."

"होऊ दे, बाई. होऊ दे."

बराच वेळ लागला. किंचाळण्याचं रडणं झालं, रडण्याचे उमाळे झाले, आणि पोर सरपटत येऊन आईच्या मांडीत शिरली. उद्या पुन्हा होणार होतं, परवाही. नझीहाला ते कळत होतं, आणि आपण दर वेळी अशा बसू शकू याची तिला खात्री नव्हती.

तिनं मान वर केली. दलंदा अजून तशाच बसल्या होत्या, शिंपला तळहातावर. त्या अंगठ्यानं त्याची कड चाचपत होत्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जिथे नातीचे दात लागून ती खडबडीत झाली होती.

"नझीहा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता. "आम्ही जवळून गेलो होतो. मी शिव्या देत होते तिला. मन्नूबियाला. माझ्याच हातानं दिला होता मी तिला सकाळी. तोंडात."

बाहेर भरती पुरती चढली होती. नझीहानं एका हातानं लेकीला धरलं आणि दुसरा हात पुढे करून म्हातारीच्या मुठीवर ठेवला. मूठ उघडत नव्हती.

"रडा, लल्ला," ती म्हणाली.

दलंदांनी तोंड उघडलं. आवाज यायला फार वेळ लागला.